डोस एका दिवसाचा, किमो एकवीस दिवसांची

(रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्य व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पंचविसाव्या वर्षाच्या कार्यक्रमांत गाणी झाली, पाककृती स्पर्धा झाली, मुलांचं नाटक झालं, आणि आज किमोथेरपीवर भाषण! मी विषय सांगितला तेव्हा सेक्रेटरी क्षणभर गप्पच झाले. ‘आनंदाच्या वर्षात हा विषय?’ म्हणाले. मी म्हटलं, आपल्याच जिन्यावरून गेल्या काही वर्षांत किती जण डोक्याला स्कार्फ बांधून उतरले ते आठवा. मग ते म्हणाले, बोला.

मी परिचारिका. ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक किमोच्या वॉर्डात आणि डे-केअरमध्ये. माझं माहेर मालवण तालुक्यातलं मसुरे, वाडी देऊळवाडा. आपल्या सोसायटीत निम्मी बिऱ्हाडं कोकणातली आहेत, त्यामुळे पुढचं चित्र तुम्हाला नवीन नाही. गावाला कुणाला गाठ निघाली, कुणाच्या तोंडातली जखम भरेना, की पहिला फोन मुंबईला येतो. मसुऱ्याहून निघालेला माणूस कणकवलीला रात्रीच्या गाडीत बसतो, सकाळी दादरला उतरतो आणि पिशवी घेऊन आपल्या दारात उभा राहतो. पिशवीत फाईल, उकडे तांदूळ आणि चार नारळ.

हा माणूस रुग्णालयात जाऊन काही तासांत किमोचा डोस घेतो. मग पुढचे वीस दिवस तो कुठे असतो? आपल्या हॉलमधल्या दिवाणावर, नाहीतर गावच्या पडवीत. म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. डोस रुग्णालय देतं, पण किमो पार पडते ती घरात. त्यामुळे घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना ती समजली पाहिजे.

‘ह्यां इख कित्याक देतंस?’

आमची धाकटी काकी मसुऱ्याहून पहिल्या डोससाठी आली. छातीत गाठ होती. माझ्या हातातली लाल औषधाची सिरिंज तिने बघितली आणि मला म्हणाली, ‘गे बाय, ह्यां इख माका कित्याक देतंस?’

मी म्हटलं, ‘इखच आसा काकी. पण मापात दिलां तर औषद.’

काकीचं खोटं नव्हतं. किमोचा जन्म खरोखरच विषातून झाला. दुसऱ्या महायुद्धात, २ डिसेंबर १९४३ ला, इटलीच्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. बंदरात ‘जॉन हार्वी’ नावाचं अमेरिकन जहाज होतं आणि त्यात मस्टर्ड वायूचे बॉम्ब गुपचूप आणून ठेवलेले होते. जहाज फुटलं, विष पाण्यात आणि हवेत पसरलं. आजारी पडलेल्या खलाशांना तपासायला डॉ. स्टुअर्ट अलेक्झांडर गेले, तेव्हा त्यांना दिसलं की या माणसांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. त्याआधी, १९४२ मध्ये, येल विद्यापीठात याच कुळातलं नायट्रोजन मस्टर्ड एका रुग्णाला गुप्तपणे देऊन बघितलं होतं. त्याला लसिकाग्रंथींचा कॅन्सर होता. गाठी विरघळल्या. काही आठवड्यांनी परत आल्या, पण औषधाने कॅन्सरची गाठ विरघळू शकते हे माणसाने पहिल्यांदा बघितलं. लाल औषधाबरोबर काकीला जे दुसरं औषध दिलं, ते सायक्लोफॉस्फामाइड. ते याच मस्टर्डच्या घराण्यातलं, माणसाळवलेलं.

दुसरी वाट मात्र आपल्या गिरणगावातून जाते, आणि ही गोष्ट मला फार आवडते. डॉ. लूसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेतून त्यांनी कापड गिरण्यांतल्या गरोदर कामगार बायकांचा अभ्यास केला. या बायकांचं रक्त भयंकर कमी व्हायचं, काही दगावायच्या. आपल्यातल्या कित्येकांच्या आज्या-पणज्या त्याच गिरण्यांत होत्या. विल्सबाईंना आढळलं की यीस्टचा स्वस्तातला अर्क खायला दिला की या बायका सुधारतात. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुण पुढे ओळखला गेला, तो म्हणजे फॉलिक ॲसिड. आज प्रत्येक गरोदर बाईला देतात ती पिवळी गोळी.

आता बघा, नवीन रक्त तयार व्हायला फॉलिक ॲसिड लागतं. मग रक्ताच्या कॅन्सरमधल्या बेसुमार वाढणाऱ्या पेशींनाही तेच लागणार. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी विचार केला, की त्या पेशींना खऱ्या फॉलिक ॲसिडऐवजी त्याचा तोतया दिला तर? हा तोतया तयार करून देणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांची हकिगत छापली. त्यांतल्या १० मुलांचा आजार काही काळापुरता मागे हटला होता. काही काळापुरताच, पण त्याआधी तेवढंही कुणी बघितलं नव्हतं. आज त्याच आजाराची बहुसंख्य मुलं योग्य उपचारांनी पूर्ण बरी होतात. त्या तोतयांपैकी मेथोट्रेक्सेट आजही रोज वापरलं जातं. परळच्याच टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये दाखवलं की तोंडा-घशाचा कॅन्सर बरा होण्याच्या पलीकडे गेला असेल, तर मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या घरी घेणारे रुग्ण, शिरेतून सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त दिवस जगतात आणि त्यांना त्रासही कमी होतो. परळच्या गिरणीतून निघालेली गोष्ट फिरून परळलाच आली.

तिसरी वाट झाडापानांची. सदाफुली आपल्या प्रत्येकाच्या अंगणात असते. तिच्यापासून विन्क्रिस्टिन आणि विनब्लास्टिन मिळतात. सह्याद्रीच्या जंगलात नरक्या नावाचं झाड आहे, वासावरून नाव पडलेलं. त्यात कॅम्टोथेसिन असतं, आणि त्यापासून केलेली औषधं आतड्याच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरवर देतात. हे द्रव्य आधी एका चिनी झाडात सापडलं, १९६६ मध्ये. शोधणारे अमेरिकेतले मनरो वॉल आणि मनसुख वाणी. हे वाणी जन्माने आपल्या नंदुरबारचे! याच जोडीने १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचना उलगडली. ते आज स्तनाच्या कॅन्सरवरचं मोठं औषध आहे. १९७२ मध्ये आपल्या नरक्यातही कॅम्टोथेसिन असल्याचं गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्यानंतर नरक्याची एवढी चोरटी तोड झाली की आता वनखात्याला त्याच्यावर डोळा ठेवावा लागतो.

पण एक सांगते, घरी जाऊन सदाफुलीची पानं चावू नका. शेकडो किलो सुक्या पानांतून जेमतेम एखादा ग्रॅम औषध निघतं, आणि सुईतलं माप काही मिलीग्रॅमचं असतं. पानात ते माप कुणालाच कळत नाही. मापाबाहेर गेलं की ते पुन्हा इखच.

किमो नेमकं काय करते

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी आपापलं काम करत शांत असतात. गरज पडली की एकीच्या दोन होतात आणि थांबतात. कॅन्सरची पेशी थांबायचं विसरलेली असते. किमोची औषधं मुख्यतः अशा विभागत असलेल्या पेशीवर घाव घालतात. कुणी तिच्या केंद्रातली साखळी तोडतं, कुणी तिचं खाणं तोडतं, कुणी तिला दोन होऊच देत नाही. म्हणूनच दोन-तीन औषधं एकत्र देतात. जुन्या मंडळींना टीबीची औषधं आठवत असतील, एकाच गोळीवर कधी भागायचं नाही. इथेही तसंच.

आता औषधाला आपलं-परकं कळत नाही. शरीरात काही चांगल्या पेशीही सतत विभागत असतात. केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, आणि हाडांतला मगज, जिथे रक्त तयार होतं. किमोचा जो त्रास तुम्ही ऐकलेला आहे, तो बहुतेक इथला. केस गळतात, तोंड येतं, जुलाब होतात, रक्तातल्या पेशी कमी होतात. मात्र चांगल्या पेशींना सावरायचं कसं ते माहीत असतं. त्या साधारण तीन आठवड्यांत उभ्या राहतात. कॅन्सरच्या पेशी एवढ्या लवकर सावरत नाहीत. पुष्कळ किमो दर एकवीस दिवसांनी देतात, त्याचं कारण हे. चांगल्या पेशी उठल्या, आणि वाईट अजून उठायच्या आहेत, त्या मधल्या फटीत पुढचा डोस बसवायचा असतो. काही औषधं दर आठवड्याला, काही पंधरा दिवसांनी देतात, काही गोळ्या रोज असतात. हिशेब प्रत्येकाचा वेगळा, तत्त्व तेच.

मग एकदाच मोठा डोस का देत नाहीत? आणि गाठ गेली तरी पुढचे डोस कशाला? इथे थोडं गणित करू. एक सेंटीमीटरच्या गाठीत, म्हणजे वालाच्या दाण्याएवढ्या, सुमारे १०० कोटी पेशी असतात. उदाहरणासाठी धरू, की एका डोसने दहातल्या नऊ मेल्या. पहिल्या डोसनंतर राहिल्या १० कोटी. दुसऱ्यानंतर १ कोटी. तिसऱ्यानंतर १० लाख. गाठ आता हाताला लागत नाही, फोटोतही दिसत नाही. पण १० लाख बसलेल्या आहेत. शेतात बेणणी केल्यावर वरून सगळं स्वच्छ दिसतं, पण मुळं राहिली तर पुढच्या पावसात काय होतं ते गावच्या माणसाला मी सांगायला नको.

आमच्या शेजारच्या वाडीतले एक मामा होते. गळ्यातल्या लसिकाग्रंथींचा कॅन्सर, औषधांना चांगली दाद देणारा. दोन डोसांत गाठी गेल्या. जून महिना लागला होता. ‘लावणी आटपून येतो’ म्हणाले आणि गेले. लावणी झाली, गणपती झाले, भात कापून झालं. तब्येत उत्तम होती, त्यामुळे घरातल्या कुणाला परत जायची घाई वाटली नाही. शिमग्याच्या सुमारास मानेवर पुन्हा गाठ आली. या वेळी त्याच औषधांनी ती हलेना, कारण जी राहिली होती ती औषधाला सरावलेली होती. दुसरी, जास्त जबर औषधं दिली. पण पुढच्या लावणीला मामा नव्हते.

मामांना कुणी दोष देऊ नये. शेत पडीक टाकायचं का, हा प्रश्न त्यांच्यापुढे खरा होता. त्या जून महिन्यात चार हात लावणीला मिळाले असते, तर मामा कदाचित तिसऱ्या डोसला आले असते. किमो अर्धवट सुटते ती पुष्कळदा अशी, औषधाच्या भीतीपेक्षा घरच्या अडचणीमुळे.

एकवीस दिवसांचं कॅलेंडर

आता हे एकवीस दिवस क्रमाने बघू. प्रत्येक औषध वेगळं, तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाण माना. मी सर्वसाधारण चित्र सांगते.

पहिला दिवस डोसचा. आधी रक्त तपासतात, पेशी पुरेशा उठल्या आहेत का ते बघतात. दर वेळी वजन करतात, कारण उंची आणि वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढून त्यावर डोस ठरतो. औषध शिरेत जात असताना हात जळजळला, सुजल्यासारखा वाटला तर ‘सहन करू’ म्हणून गप्प बसू नका, त्याच क्षणी सिस्टरला हाक मारा. काही औषधं शिरेबाहेर गेली तर मांस जाळतात. लाल औषध घेतलेल्याची लघवी दिवसभर लालसर होते. ते रक्त नसतं, औषधाचाच रंग असतो. काकीने घाबरून पहाटे तीनला मला उठवलं होतं.

दुसरा ते पाचवा दिवस मळमळीचे. मी नोकरीला लागले तेव्हा बेसिन धरून उभं राहणं हेच आमचं मोठं काम असायचं. नव्वदच्या दशकात ऑन्डान्सेट्रॉन आलं आणि वॉर्डाचं रूप बदललं. पण ही गोळी उलटी व्हायच्या आधी, सांगितलेल्या वेळेला घ्यायची असते. आपल्या माणसांना सवय अशी, की त्रास झाला तर गोळी घेऊ. तसं करू नका.

सातवा ते चौदावा दिवस सगळ्यात जपायचे. गंमत अशी की या दिवसांत माणसाला बरं वाटायला लागलेलं असतं. मळमळ गेली, भूक आली. पण आत पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात आणि जंतूंशी लढायला शिपाईच नसतात. म्हणून घरात थर्मामीटर हवा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला, की लगेच रुग्णालय. सकाळची वाट बघायची नाही, क्रोसिन देऊन झोपवायचं नाही. आज माझं बाकी सगळं भाषण विसरलात तरी चालेल, हा आकडा लक्षात ठेवा. शंभर पूर्णांक चार.

काकीच्या दुसऱ्या डोसनंतर अकराव्या दिवशी रात्री दीड वाजता ताप आला, १०१. बी विंगमधल्या आपल्याच एका शेजाऱ्यांनी लुंगीवरच गाडी काढली. रुग्णालयात गेल्याबरोबर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. काकी पाच दिवसांनी घरी आली. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं, ते मी वॉर्डात बघितलेलं आहे.

आणि रुग्ण मसुऱ्याला असताना ताप आला तर? हे आधीच ठरवून ठेवायचं. मालवण, कणकवली की ओरोसचं जिल्हा रुग्णालय, रात्री कुठे जायचं, गाडी कोणाची, फाईल कुठे ठेवली आहे. आणि डॉक्टरांसमोर गेल्यावर पहिलं वाक्य एकच बोलायचं, ‘यांची किमो चालू आहे, अमुक दिवशी डोस झाला.’ हे वाक्य फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

पंधरावा ते विसावा दिवस त्यातल्या त्यात मोकळे. चालावं, जेवावं, सिनेमा बघावा, गावी जाऊन यावं. पुढच्या डोससाठी अंगात ताकद भरायचे हे दिवस.

आता जत्रेची गोष्ट. आंगणेवाडी ही आमच्या मसुऱ्याचीच वाडी, आणि भराडी देवीच्या जत्रेची तारीख ठरलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. काकीचा चौथा डोस झाल्यावर हिशेब केला, तर जत्रा बरोबर दहाव्या दिवशी! लाखो माणसांची गर्दी, आणि हिच्या पेशी तळाला. काकी म्हणाली, ‘जत्रेक गेलंय नाय, तर देवी काय म्हणतली?’ डोस आठ दिवस आधी किंवा नंतर घेता येईल का, असंही तिने विचारून घेतलं. डॉक्टर रागावले नाहीत. कॅलेंडर पुढे ओढून म्हणाले, ‘आजी, डोस हलवायचा नाही. दहाव्या दिवशी गर्दी नको. अठराव्या दिवशी जा.’ तशी काकी गेली. जत्रेची दुकानं उठली होती, वाडी शांत होती. तिने निवांत ओटी भरली, एक दिवस घरी राहिली आणि एकविसाव्या दिवशी डोसला हजर झाली. सण, लग्न, बारसं, जत्रा, सगळं या कॅलेंडरात बसवता येतं. फक्त आधी विचारायचं.

घरात काय करायचं

खाण्याचं सगळे विचारतात. ताजं, घरचं, नीट शिजवलेलं, उकळलेलं पाणी. पेशी कमी असताना कच्ची कोशिंबीर, उघड्यावरचा रस, शिळं नको. मासे चालतात, उलट चांगले, फक्त पूर्ण शिजलेले. तोंड आलेलं असताना तिरफळाचं तिखट आणि कोकम-चिंचेचं आंबट झोंबतं, तेव्हा उकड्या तांदळाची मऊ पेज, त्यात थोडं तूप, सोबत उकडलेलं अंडं. आपल्या आज्यांनी आजाऱ्यासाठी जे ठरवून ठेवलंय, त्याला तोड नाही. दात मऊ ब्रशने घासायचे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिवसातून चार वेळा.

किमो घेणाऱ्याचा संसर्ग होत नाही. नातवाला मांडीवर घ्यावं, एका पंगतीत बसावं. पहिले दोन दिवस औषध लघवी, संडास, उलटी यांतून बाहेर जातं, तेवढे दिवस झाकण लावून दोनदा फ्लश करायचं, आणि खराब कपडे हातमोजे घालून वेगळे धुवायचे. घरात गरोदर बाई असेल तर ते काम तिने करू नये. याहून जास्त शिवाशीव पाळायची गरज नाही.

गावठी औषध कुणी आणून दिलं तर आधी डॉक्टरांना दाखवा. लपवून घेऊ नका. यकृतावर दोन्हीकडून ओझं पडलं की मूळ डोस थांबवावा लागतो.

केस साधारण दोन-तीन आठवड्यांत गळायला लागतात आणि किमो संपल्यावर काही महिन्यांत परत येतात. सगळ्याच औषधांनी गळतात असंही नाही. काकीचे नंतर कुरळे आले. आरशात बघून ती स्वतःच हसायची.

पैशाचं आणि राहण्याचं बघायलाही मार्ग आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किमो बसते, कागद आधी करून घ्या. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी प्रवास करताना स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. ज्यांचं मुंबईत कुणी नाही त्यांच्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला विचारायला लाजू नका.

डॉक्टरांना विचारायचा प्रश्न

किमो सुरू करण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा, ‘ही किमो कशासाठी?’ उत्तरं वेगवेगळी असतात. कधी पूर्ण बरं करण्यासाठी. कधी ऑपरेशनआधी गाठ लहान करण्यासाठी. कधी ऑपरेशननंतर, न दिसणारं शिल्लक संपवण्यासाठी. आणि कधी आजार पूर्ण जाणार नाही हे माहीत असूनही त्रास कमी व्हावा, थोडे बरे दिवस मिळावेत यासाठी.

हे शेवटचं उत्तर ऐकायला जड जातं. पण ते ऐकलेलं असलं तर निर्णय शहाणपणाने घेता येतो. बरं करणारी किमो असेल तर ती काही झालं तरी पूर्ण करावी. त्रास कमी करणाऱ्या किमोनेच त्रास वाढायला लागला, तर थांबणं हाही उपचाराचाच भाग आहे. तो निर्णय डॉक्टरांसमोर बसून, रुग्णाला विचारून घ्यायचा. गाडी चुकवून, फोन बंद ठेवून घ्यायचा नाही. आणि रुग्णापासून आजार लपवू नका. ज्याच्या शिरेत औषध जातंय त्याला ते कशाचं आहे हे कळायचा पहिला हक्क आहे.

आणि सोसायटीने काय करायचं

माझ्या चार मागण्या आहेत. एक, रात्री गाडी काढू शकणाऱ्यांची नावं आणि नंबर वॉचमनच्या टेबलावर लावा. दोन, रक्त आणि प्लेटलेट द्यायला तयार असलेल्या तरुणांची रक्तगटानुसार यादी करा. तीन, लिफ्ट दुरुस्तीला बंद ठेवायची असेल तर दोन दिवस आधी नोटीस लावा. पाचव्या मजल्यावरच्या किमोच्या रुग्णाला तेवढ्याने डोसचा दिवस गाठता येईल. चार, भेटायला जाताना सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका, फोन करा. आणि गेलात तर ‘आमच्या ओळखीत एकाला हेच झालं होतं, बिचारा गेला’ ही गोष्ट दारातच सोडून जा.

गावाकडेही हेच. लावणीला चार हात, म्हशीला एक गवताचा भारा, मुलाला चार दिवस जेवण. यातून एखादा डोस चुकायचा वाचतो.



(भाषणानंतर श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न)

साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो का?

शरीरातली प्रत्येक पेशी साखर वापरते, चांगलीही आणि वाईटही. साखर बंद करून कॅन्सर उपाशी मरत नाही, माणूस मात्र अशक्त होतो. मधुमेह असेल तर पथ्य पाळायचंच, कारण काही किमोंबरोबर देतात त्या स्टेरॉइडने साखर वाढते.

किमो चालू असताना कामावर जाता येतं का?

पुष्कळ जण जातात. पहिला आठवडा घरी, मग गर्दीची लोकल टाळून. ऑफिसला आधी सांगून ठेवलेलं बरं. बोटांना मुंग्या येत असतील तर सुरी, गॅस, शिलाई मशीन सांभाळून, आणि डॉक्टरांना तसं सांगायचं.

आता इम्युनोथेरपी, टार्गेटेड औषधं आली आहेत, मग किमो जुनी झाली का?

काही कॅन्सरमध्ये नव्या औषधांनी किमोची जागा घेतली आहे, पुष्कळ ठिकाणी ती किमोबरोबरच देतात. प्रत्येकाला लागू पडत नाहीत, तपासण्या कराव्या लागतात आणि खर्च मोठा असतो. आपल्या आजाराला काय लागू पडतं ते विचारा. शेजाऱ्याचं प्रिस्क्रिप्शन बघून ठरवू नका.

काकी आता कशा आहेत?

सहा डोस, ऑपरेशन आणि रेडिएशन पूर्ण झालं. आता दर सहा महिन्यांनी तपासणीला येते आणि येताना आपल्या मजल्यावरच्या प्रत्येक घरासाठी एक नारळ आणते. ज्यांना मिळाला नसेल त्यांनी माझ्याकडे तक्रार करावी. (हशा)